वास न आलेली टाकी

"तुम्ही काय करता?" असं कुणी विचारलं की एकतीस वर्षं मी एकच उत्तर देत आले, "जंतू पाळते." समोरचं माणूस अर्धं पाऊल मागं सरकायचं. मला त्यात मजा वाटायची, खोटं कशाला बोलू? लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंनी शेजारणीला सांगितलं होतं, की सून लॅबमध्ये आहे. शेजारणीने विचारलं, "रक्त काढती का?" सासूबाई म्हणाल्या, "न्हाई, मातीतले किडे वाढवती." पुढं वर्षभर त्या माझ्या हातचा चहा घेण्याआधी कपात एकदा डोकावून बघायच्या.

आता निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. या अंकासाठी कामाच्या आठवणी लिहा असं संपादक म्हणाले, तेव्हा पहिल्यांदा गमतीच आठवल्या आणि त्या सांगणारही आहे. पण एक आठवण अशी आहे, की ती लिहिल्याशिवाय बाकीच्या लिहिणं म्हणजे लबाडी होईल. 

आधी धंदा समजावून सांगते. आमची प्रयोगशाळा कोल्हारच्या अलीकडे, रस्त्याला लागून. दोन खोल्या, एक पडवी आणि पडवीत पत्र्याचा बाक. तिचं नाव सांगत नाही, कारण चूक माझी होती, तिची नव्हती. आम्ही तिथं मातीतले चांगले जिवाणू वाढवून शेतकऱ्यांना पुड्यांमधून द्यायचो. गिऱ्हाईक मुख्यतः हरभरा आणि तुरीवाले.

या पिकांचा वैरी म्हणजे मर रोग. जमिनीत एक बुरशी असते. पीक असो नसो, ती वर्षानुवर्षं मातीत तग धरून राहते. हरभरा उगवला की मुळातून आत शिरते आणि पाणी वर चढायच्या नळ्याच बुजवून टाकते. काल हिरवंगार असलेलं झाड आज मान टाकतं आणि चार दिवसांत वाळतं. उपटून पाहिलं तर मूळ वरून चांगलं दिसतं. पण खोड उभं चिरलं की आत काळपट रेघ असते. ती रेघ दिसली की त्या झाडाला कुठलंच औषध नाही. जे करायचं ते पेरणीच्या आधी.

आमचे जिवाणू बियाण्याला चोळले की मूळ फुटताच त्याच्याभोवती जाऊन बसतात. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून लोक जागा धरतात ना, तसंच. मागून बुरशी आली तर जागा भरलेली. वर हे जिवाणू स्वतःचं असं काही सोडतात, की बुरशीची वाढ खुंटते. ते वाढवायचे कसे? मूळ वाण काचेच्या नळीत, थंड कपाटात जपून ठेवलेलं असतं. आम्ही त्याला विरजणच म्हणायचो. ते आधी चंबूत आणि मग स्टीलच्या मोठ्या टाकीत घालायचं, टाकीत जिवाणूंचं खाणं आणि हवा. दोन दिवसांत टाकी ताकासारखी गढूळ होते. ते पाणी टाल्क पावडरीत मुरवायचं, पुड्या भरायच्या, झालं. शेतकऱ्याने गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळायचं, सावलीत सुकवायचं आणि लगेच पेरायचं.

इतकं सोपं. पण लोक! एकाने बियाणं अगदी सुंदर चोळलं आणि लवकर वाळावं म्हणून भर दुपारी पत्र्यावर पसरलं. सगळे जिवाणू भाजून निघाले. दुसऱ्याने आमची पुडी आणि दुकानातलं बुरशीचं औषध एकाच घमेल्यात कालवलं. म्हणे, दुप्पट गुण येईल. त्या औषधाने रोगाच्या बुरशीआधी आमच्याच पोरांना संपवलं. आणि एका आजोबांनी पुडी उघडून पाहिली, आत पांढरी मऊ पावडर दिसली, ती पाठीला घामोळ्यावर लावली. त्यांचा मुलगा भांडायला आला. मी घाबरून विचारलं, "मग? काय झालं?" तो म्हणाला, "घामोळं गेलं. पर आता हरभऱ्याला काय लावू?" त्याला दुसरी पुडी दिली.

आता नाकाकडे येते.

आमच्या सरांनी, म्हणजे प्रयोगशाळा ज्यांनी उभी केली त्यांनी, मला पहिल्याच वर्षी एक गोष्ट शिकवली. टाकी चांगली झाली की बिघडली, हे ताटलीत कळतं. काचेच्या ताटलीत खाणं ओतून घट्ट करायचं, त्यावर टाकीतल्या पाण्याची रेघ ओढायची, दोन दिवस थांबायचं. मग ती ताटली काळ्या खोक्यात जांभळ्या दिव्याखाली धरायची. आमचे जिवाणू असतील तर पोपटी चमकतात, परका कुणी घुसला असेल तर तिथं अंधार दिसतो. पण सर म्हणायचे, "ताटली परवा सांगते, नाक आत्ता सांगतं." टाकीच्या वरच्या नळीतून हवा बाहेर पडते, तिचा वास घ्यायचा. टाकी चांगली असेल तर विहिरीच्या आत उतरल्यावर येतो तसा ओला, गार वास, शेवटी जरासा गोड. बिघडली असेल तर आंबलेल्या पिठाचा नाहीतर सडक्या कोबीचा.

मला ते साधलं. इतकं साधलं, की हंगामाच्या गर्दीत ताटलीसाठी दोन दिवस थांबणंच बंद झालं. मी डोळे मिटून नळीवर वाकायचे, एक श्वास घ्यायचे आणि म्हणायचे, "भरा." ताटली लावायची ती नुसती नोंदीसाठी. वर्षानुवर्षं एकदाही चुकलं नाही. लोक मला नाकवाल्या ताई म्हणायला लागले.

हे मला किती गोड वाटायचं ते कसं सांगू? माझे वडील श्रीरामपूरच्या मालधक्क्यावर पोती उचलायचे. आमच्या आळीत बाबासाहेबांची जयंती जोरात व्हायची, पण बी.एस्सी. झालेली मी पहिली. या पंचक्रोशीत नोकरीला आले तेव्हा काही घरांत मला पाणी मिळायचं, पण पेला वेगळा. कुणी तोंडाने बोलायचं नाही. आणि त्याच घरांतले कर्ते पुरुष ऑक्टोबरात माझ्या पडवीत उभे राहून माझ्या एका श्वासाची वाट बघायचे. "ताई, वास घ्या ना," म्हणायचे. त्या एका श्वासात माझी सगळी फिट्टंफाट होत होती. म्हणून तर पुढचं घडलं.

मोठ्या साथीच्या दुसऱ्या उन्हाळ्यात मला ताप आला. तशी मी लवकर बरी झाले. पण नाक गेलं. पार गेलं. कांदा नाही, फिनेल नाही, काहीच नाही. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. जून गेला, जुलै गेला. एके सकाळी मी स्वयंपाकघरात भाकरीचं पीठ मळत होते. आमचे हे बाहेरून आले आणि दारातूनच ओरडले, "अगं, गॅस! गॅस केवढा सुटलाय!" शेगडीचं बटण अर्धं उघडं होतं आणि माझ्या हातात काडेपेटी. मी ती खाली ठेवली आणि तिथंच फरशीवर बसले. त्या दिवसापासून मला माझ्याच नाकाची भीती वाटायला लागली.

ह्यांनी विचारलं, "ऑफिसात सांगितलंस का?"

"सांगते," म्हणाले. सांगितलं नाही. काय सांगू? नाकवाल्या ताईंचं नाक गेलं? लोक हसतील, हे एक. पण त्याहून मोठी भीती दुसरीच होती. आजवर मिळालं ते नाकाला मिळालं, मला नव्हे. नाक गेलं की मी पुन्हा वेगळ्या पेल्यातली बाई. हा विचार खरा होता की खोटा, देव जाणे. तेव्हा तो मला शंभर टक्के खरा वाटत होता.

तुरीच्या वेळी टाळेबंदीमुळे पडवी रिकामीच होती आणि ऑगस्ट-सप्टेंबरात एरवीही गर्दी नसते, मी गुपचूप ताटलीवर काम भागवलं. आरामात दोन दिवस थांबायचे आणि वर तोऱ्यात नळीवर वाकायचेही. कुणाला पत्ता लागला नाही.

मग ऑक्टोबर आला. पाऊस उशिरापर्यंत रेंगाळला आणि एकदम उघडला. जमिनीला वापसा आला, म्हणजे पेरायला हवी तेवढीच ओल. ही ओल चार-पाच दिवस टिकते. त्यामुळे सगळ्यांना पुड्या एकाच दिवशी हव्या होत्या. सर मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नगरला लेकीकडे. इकडे सरांचे डोळे, तिकडे माझं नाक. प्रयोगशाळेचं नशीब बघा.

त्या सकाळी पडवीत बारा माणसं होती. टाकी पहाटे तयार झालेली. आमच्या पॅकिंगच्या मंदाबाई पावडरीचं घमेलं घेऊन उभ्या. मी मनात ठरवून आले होते, की सांगायचं, ताटली लावलीय, परवा या. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "चला, ताई आल्या. आता एका मिनिटाचं काम."

 मंदाबाई म्हणाल्या, "घ्या ताई, वास घ्या."

मी नळीवर वाकले. श्वास घेतला. आत नुसती गार हवा गेली. पुन्हा घेतला. काही नाही.  बारा माणसं बघत होती.

"चांगलाय," मी म्हणाले. "भरा."

आयुष्यात अनेकदा खोटं बोलले असेन, पण असं, बारा माणसांच्या तोंडावर, कधी नव्हते. स्वतःचीच समजूत घातली, की इतक्या वर्षांत किती टाक्या बिघडल्या? बोटांवर मोजण्याइतक्या. आजचीच कशाला बिघडेल?

रांगेत शेवटी गयाबाई होत्या. खर्ड्याकडच्या. साठी ओलांडलेली बाई, दोन गाड्या बदलून एकटी आलेली. तीन वर्षांपूर्वी जामखेडला शेतकरी मेळाव्यात मी बियाणं चोळून दाखवत होते, तिथं त्यांची ओळख झाली. त्यांच्याकडे सासूच्या हातचा बारीक, तांबडा गावरान हरभरा होता. आसपास कुणाकडेच राहिला नव्हता. चवीला असा, की एकदा मला मूठभर फुटाणे दिले होते, ते मी घरी न नेता एसटीतच संपवले. पण नव्या सुधारित जातींमध्ये मर रोगाला तोंड द्यायची ताकद असते, ती या बिचाऱ्यात नव्हती. मर आली की आधी हाच मरायचा. आदल्या वर्षी आमची पुडी लावून त्यांनी थोडा पेरला आणि तो वाचला. तेव्हापासून गयाबाईंचा माझ्यावर आंधळा विश्वास.

"ताई, यंदा चार पायल्या हाय बघा," त्या म्हणाल्या. "सगळा मिळून येवढाच. गेल साली एक पायली मागं ठिवली हुती, ती भुंग्यानं पार पीठ केली. मंग मी काय म्हनते, सगळा पेरू का? का निम्मा ठिवू?"

खरं उत्तर माझ्या जिभेवर होतं. निम्मा ठेवा, आणि आजची पुडी लावूच नका, परवा या. पण मागं मंदाबाई उभ्या होत्या, दोन-तीन माणसं अजून रेंगाळत होती, आणि सकाळीच मी सगळ्यांसमोर टाकीला चांगली म्हणाले होते. आता निम्मा ठेवा म्हटलं, तर का, असा प्रश्न येणार.

"पेरा सगळा," मी म्हणाले. "काही होत नाही."

गयाबाईंचा चेहरा कसा खुलला! पुड्या पदराखाली धरून, ऊन लागू नये म्हणून, त्या स्टँडकडे चालू लागल्या. मी शिकवलेलं सगळं त्यांच्या लक्षात होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ताटली काळ्या खोक्यात धरली. जांभळा दिवा लावला. पोपटी चमक होती, पण कडेकडेला. मधोमध, रेघेवर रेघ, काळोख. खोक्याबाहेर काढून बघितलं तर सुरकुतलेले पांढरे ठिपके. परका जंतू घुसला होता आणि त्याने निम्म्याहून जास्त जागा खाल्ली होती. साध्या नाकालाही ती टाकी आंबूस लागली असती, पण त्या सकाळी बाकी सगळ्यांच्या नाकावर मास्क होते.

मी खोकं बंद केलं आणि संडासात जाऊन कडी लावून बसले. तिथून बाहेर यायला दहा मिनिटं लागली.

मग फोन घेतला. वहीतला एकेक नंबर लावला. "पुड्यांमध्ये ओल राहिलीय, पेरलं नसेल तर बदलून न्या," असं सांगत सुटले. पुन्हा खोटंच. पाच जणांनी परत आणल्या. बाकीच्यांनी पेरलं होतं, पण त्यांचं बियाणं सुधारित जातीचं, ते आपल्या अंगच्या ताकदीवर तरेल असा भरवसा होता, आणि तसंच झालं. गयाबाईंना मी मुद्दाम शेवटी ठेवलं. हिंमतच होत नव्हती.

"व्हय ताई," पलीकडून आनंदाचा आवाज आला. "कालच पेरला. शेवटच्या दान्यापोत्तर! तुमी म्हनला न्हवं का."

मी म्हणाले, "बरं झालं." आणि फोन ठेवला.

त्या दिवसापासून मी दिवस मोजायला लागले. मर दिसायला तीनेक आठवडे लागतात. एक उपाय होता, अर्धामुर्धा का होईना. नवी, शुद्ध टाकी करायची आणि कोवळ्या रोपांच्या मुळाशी ते पाणी ओतायचं. बियाण्याला चोळण्याची सर त्याला नाही, पण अगदीच हात बांधून बसण्यापेक्षा बरं. नवी टाकी लावली. या वेळी लोकांनी कितीही घाई केली तरी ताटली होईतो थेंब काढला नाही. "यंत्र बिघडलंय," म्हणाले. खोट्यावर खोटं, दुसरं काय! ताटली पूर्ण पोपटी आली तेव्हा मोठा कॅन भरला, त्याला ओलं गोणपाट गुंडाळलं आणि एसटीत चढले.

कंडक्टरने विचारलं, "काय हाय कॅनमदी? दूध?"

डोकं ठिकाणावर नव्हतं. म्हणाले, "जिवाणू आहेत."

साथीचे दिवस, सगळ्यांच्या तोंडावर मास्क. पुढची बाई झटकन उठली, तिच्या मागं तिचा नवरा. बघता बघता माझ्या आजूबाजूच्या चार सीट रिकाम्या झाल्या. एक आजी ओरडली, "उतरवा वो हिला!" एरवी मी हसून सगळ्यांना समजावलं असतं. त्या दिवशी मला वाटलं, बरोबर आहे, उतरवाच मला.

गयाबाईंचं रान गावाबाहेर, काळंभोर. रोपं बोटभर आली होती, ओळीत, हिरवी. मला बघून त्या धावतच आल्या. "अगं बया! ताई, तुमी आन् हितं?"

"नवा प्रयोग आहे. रोपांना पाजायचंय," मी म्हणाले.

त्यांचे मालक गुडघ्याने अधू, बांधावर बसून होते. कॅनमधलं थोडं थोडं बादलीभर पाण्यात मिसळून आम्ही दोघी तांब्याने रोपारोपाशी ओतत दिवसभर वाकलो. गयाबाई बडबडत होत्या. सासू कशी कडक होती, हा हरभरा पोरीच्या बाळंतपणात कसा भाजून दिला. मी हं हं करत होते आणि प्रत्येक रोपाकडे बघत होते. दुपारी त्यांनी पितळीत भाकरी आणि पिठलं वाढलं. माझी पितळी आणि त्यांची पितळी एकसारखी होती. एरवी हे माझ्या कधीच नजरेतून सुटलं नसतं आणि मी मनातून सुखावले असते. त्या दिवशी अर्धी भाकरी तशीच ठेवून उठले.

पंधरा दिवसांनी फोन आला. मी नंबर बघितला आणि तो वाजू दिला. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा उचलला.

"ताई, येका कोपऱ्यात माना टाकल्यात. लई न्हाई. पर टाकल्यात."

पहिल्या गाडीने गेले. गयाबाईंनी एक झाड उपटून हातात दिलं. पर्समधलं ब्लेड काढलं. पहिल्यांदा खोडाऐवजी बोटच कापलं. मग चिरलं. आत काळपट रेघ. दुसरं झाड, रेघ. चार ओळी सोडून तिसरं उपटलं. पांढरं. चौथं पांढरं. पाचवं... रेघ.

गयाबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "सांगा की ताई. काय हाय?"

"मर आहे," मी म्हणाले. "रोगट झाडं उपटून जाळा. बाकीचं बघू." तेवढंच. का आहे, ते नाही सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली आणि उपटायला लागल्या. प्रत्येक झाड उपटताना तोंडाने "च्च" असा आवाज करायच्या. तो "च्च" मी घरी घेऊन आले. भांडी घासताना ऐकू यायचा.

दर पंधरवड्याला डाग वाढत गेले. बांधाच्या बाजूचा एक अरुंद पट्टा तेवढा राहिला. आमच्या पाजण्याने राहिला की आपोआप, कुणी सांगू शकत नाही. सगळी पुडी चांगली असती तरी थोडा गेलाच असता, हेही खरं. सर पुढं म्हणाले, की हे सिद्ध करता येत नाही. सिद्ध कुणाला करायचं होतं? मला माहीत होतं.

घाटे भरले तेव्हा गयाबाईंनी बोलावलं. "हुळा खायाला या. जेवढा हाय तेवढ्यातला, पर तुमी या." रानात काटक्या पेटवून हिरवी झाडंच जाळावर धरली होती. घाटे तडतडत होते. गयाबाईंनी गरम घाटे तळहातावर चोळले, फुंकर मारली आणि तळहात माझ्या नाकाशी आणला.

"घ्या, आधी वास घ्या. आमच्या हरभऱ्याचा वासच येगळा. तुमाला तर लगीच कळंल."

मी वाकले. नेहमीसारखी. पुन्हा तीच गार हवा. "छान आहे" हे शब्द तोंडापर्यंत आले आणि तिथंच अडकले. मला रडू फुटलं.

"मला वास येत नाही, गयाबाई. उन्हाळ्यापासून येत नाही. त्या दिवशी टाकीचाही आला नव्हता. टाकी बिघडलेली होती. मी सगळ्यांसमोर चांगली म्हणाले. आणि तुम्हाला सगळा पेरा म्हणाले."

जाळ तडतडत होता. त्यांचा हात तसाच पुढं होता.

"तवाच सांगायचं हुतं की," त्या म्हणाल्या.

"भीती वाटली."

"कुनाची? माजी?" त्यांनी विचारलं.  पेल्याचं सगळं सांगायचं तर कुठून सुरुवात करू?  त्यांनी हुळा माझ्या ओंजळीत ओतला. म्हणाल्या, "खावा. थंड हुईल." पण त्यानंतर त्या बोलल्या नाहीत. मला सोडायला स्टँडवरही आल्या नाहीत. चार पायल्या पेरलेल्या, अडीच पायल्या घरात आल्या, हे मला पुढं त्यांच्या मालकांनी फोनवर सांगितलं.

मी सरांकडे जाऊन सगळं ओकले. सरांच्या डोळ्यांवर अजून काळा चष्मा होता. त्यांनी मला ओरडावं म्हणून मी वाट बघत होते. ते म्हणाले, "चूक तुझ्याआधी माझी आहे. नाकावर सोडायचं मीच शिकवलं." मग थांबून म्हणाले, "पण भीतीपायी लोकांच्या पेरणीशी खेळलीस, हे तुझंच." त्या आठवड्यात पडवीत पाटी लागली, ताटली दाखवल्याशिवाय पुडी मिळणार नाही. आणि रांगेतल्या सगळ्यांना मी स्वतः सांगितलं, की मला वास येत नाही. वाटलं होतं तसं कुणी हसलं नाही. एक म्हातारा म्हणाला, "माजंबी गेलंय नाक, ताई. तमाकूचा बी वास येईना." एवढ्यासाठी मी भ्याले होते!

पुढचा ऑक्टोबर आला. मी रोज पडवीकडे बघायचे. गयाबाई येणार नाहीत याची खात्री होती, तरी बघायचे. चौथ्या दिवशी दुपारी त्या बाकावर बसलेल्या दिसल्या. मांडीवर भाकरीचं गाठोडं.

"टाकी कंदी झाली?" त्यांनी विचारलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"आज सकाळी. ताटली परवा कळेल."

"मंग परवापोत्तर बसते."

दोन दिवस बाई हलल्या नाहीत. दिवसा बाकावर, मुक्कामाला माझ्या घरी. माझ्या हातची आमटी मुकाट्याने खाल्ली, मीठ कमी आहे एवढंच बोलल्या. मी दोन दिवस भीतीने अर्धी झाले होते. ताटली बिघडलेली निघाली तर? या बाईला कुठल्या तोंडाने सांगू? पण सांगायचं, हे मात्र ठरलं होतं.

तिसऱ्या दिवशी मी त्यांना आत घेऊन गेले. खोक्यात ताटली ठेवली, दिवा लावला आणि स्वतः न बघता बाजूला झाले. "तुम्हीच बघा आधी."

गयाबाईंनी पदर सावरून डोळा खोक्याला लावला. ताटली एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून न्याहाळली. 

"पोपटी हाय," त्या म्हणाल्या. "समदीकडं. काळं कुटंच न्हाई."

मग मी बघितलं. खरंच, एकही डाग नव्हता. मंदाबाईंनी दोन पुड्या आणून दिल्या. गयाबाई त्या हातात घेऊन माझ्याकडे वळल्या, आणि तोच प्रश्न, त्याच आवाजात.

"अडीच पायल्या हाय. सगळा पेरू का, ताई?"

ताटली चोख होती. या वेळी हो म्हणायला काहीच हरकत नव्हती. मी म्हणाले, "नाही. निम्मा मागं ठेवा. राखेत घोळून ठेवा म्हणजे भुंगा लागणार नाही. ताटली चांगली आहे, पण रान तुमचं आहे. मला सगळं कळतं असं नाही."

गयाबाईंनी पुड्या पिशवीत टाकल्या, तोंड आवळून बांधलं.

"निम्मा ठिवूनच आलीया," त्या म्हणाल्या. "राखंतच. तुमी काय म्हनता तेवढं बगायचं हुतं."

मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. गाडी लागली, त्या चढल्या, खिडकीशी बसल्या आणि पुड्यांची पिशवी उन्हाच्या बाजूने काढून मांडीच्या सावलीत घेतली. गाडी सुटली. मी हात केला आणि पुढची ताटली लावायला परत फिरले.